जूनमध्ये तयार संच, की वर्षभर यादीप्रमाणे साहित्य?

मैत्रिणीच्या भिशी गटाला जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांना मदत करायचीय. जूनमध्ये दप्तर-वह्या-कंपासचा संच वाटावा, की तेवढेच पैसे राखून शिक्षकांच्या यादीप्रमाणे वर्षभर वस्तू द्याव्यात, यावर घोडं अडलंय.

पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत मिळतात. ती दोन्हीकडून वगळा.

खर्च: घाऊक बाजारातून एकदम घेतल्यास संच स्वस्त पडतो. पण सगळ्यांना एकच माप. पहिलीतल्या पोराला दुरेघी-चौरेघी वही हवी असते आणि हातात पडते शंभर पानी एकेरी.

टिकाऊपणा: स्वस्त दप्तराची चेन पावसाळ्यातच जाते, पट्ट्याची शिवण उसवते. नग कमी घ्या, पण जाड कापडाचे. वह्या तर दिवाळीपर्यंत संपतात आणि दुसऱ्या सत्रात दाते सहसा फिरकत नाहीत. इथे यादी सरळ पुढे आहे.

मेहनत: संच म्हणजे एका दिवसाचं काम, फोटोही छान येतात! यादीसाठी शिक्षकांना फोन, बिलं, हिशेब असं वर्षभर चालतं.

बीडकडची ऊसतोड कामगारांची बरीच मुलं मात्र दिवाळीच्या सुमारास आईबापांसोबत फडावर जातात. त्यांना मजबूत दप्तर आणि जास्तीच्या वह्या निघण्याआधीच हातात हव्यात.

म्हणून शाळा लांब असेल किंवा मुलं स्थलांतर करणारी असतील, तर संच. शाळा जवळ असेल आणि गटात दोघी तरी चिकाटीच्या असतील, तर यादी. मैत्रिणीची शाळा अर्ध्या तासावर आहे. तिला मी यादीच सुचवली.