आरजी ३५१ एमपीवर स्पेक्ट्रम, कमोडोर आणि एमएसएक्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

अँबर्निकची आरजी ३५१ पी आणि आरजी ३५१ एमपी ही हातात मावणारी गेमिंग यंत्रं आतून जवळजवळ सारखीच. दोन्हींत रॉकचिपची आरके ३३२६ चिप, कॉर्टेक्स ए-३५ चे चार कोअर, १ जीबी रॅम. फरक पडद्याचा आहे आणि स्पेक्ट्रम, कमोडोर, एमएसएक्स अशा जुन्या घरगुती संगणकांचे खेळ चालवण्यासाठी तोच निर्णायक ठरतो. पीचा पडदा ४८० बाय ३२०, म्हणजे गेमबॉय अॅडव्हान्सच्या चित्राच्या बरोबर दुप्पट. एमपीचा ६४० बाय ४८०. फ्यूज हा एम्युलेटर (जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम) झेडएक्स स्पेक्ट्रमचं चित्र बॉर्डरसकट ३२० बाय २४० मध्ये देतो, त्यामुळे एमपीवर ते दोन्ही बाजूंनी नेमकं दुप्पट होऊन कडेपर्यंत भरतं. स्पेक्ट्रमच्या एका ठिपक्याला पडद्याचे चार ठिपके. अक्षरं इतकी स्वच्छ दिसतात की बेसिकचा प्रोग्राम लोकलमध्ये उभ्यानेही वाचता येतो. पुण्याच्या डेसिबेल्सने काढलेल्या डीबी स्पेक्ट्रम या देशी आवृत्तीवर ज्यांनी हात बसवला, त्यांनी हे एकदा पाहावंच.

यासाठी रेट्रोआर्कच्या (सगळे एम्युलेटर एका जागी चालवणारा प्रोग्राम) व्हिडिओ सेटिंगमध्ये ‘इंटिजर स्केल’ (चित्र पूर्ण पटीतच मोठं करणं) चालू आणि ‘बायलिनिअर फिल्टरिंग’ (कडा मऊ करणं) बंद हवं. डॉसच्या खेळांना मात्र हीच सेटिंग लावू नका. त्यांचं चित्र ३२० बाय २००, पण मॉनिटर ते ताणून ४:३ मध्ये दाखवायचा. इंटिजर स्केलवर ते ६४० बाय ४०० होतं आणि वर्तुळं चपटी दिसतात. ताणलं तर उभी वाढ २.४ पट, म्हणून काही ओळी जाड, काही बारीक. डॉसपुरतं इंटिजर स्केल बंद करून ‘शार्प बायलिनिअर’ शेडर (चित्रावरचा फिल्टर) लावला की दोन्ही दोष बऱ्यापैकी जातात. सेटिंग त्या कोअरपुरतीच, म्हणजे रेट्रोआर्कमधल्या त्या एम्युलेटरपुरतीच, सेव्ह करा, नाहीतर स्पेक्ट्रमचं चित्र पुन्हा बिघडेल.

ऑपरेटिंग सिस्टिम आर्कओएस. ती उबंटूवर बेतलेली आहे, त्यामुळे लिनक्सची सवय असलेल्याला काही नवं शिकावं लागत नाही. यंत्रासोबत आलेलं बिननावाचं मायक्रोएसडी कार्ड पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा. आधी लिनक्सच्या डीडी या आज्ञेने त्याची पूर्ण प्रत घ्या, मग नामांकित कंपनीच्या ३२ जीबी कार्डावर आर्कओएसची इमेज लिहा. पहिल्यांदा सुरू होताना ती पार्टिशन वाढवते आणि स्वतःच रीबूट होते. तेवढ्यात पॉवरचं बटण दाबलं तर इमेज पुन्हा लिहावी लागते. खेळ दुसऱ्या खाचेतल्या कार्डावर ठेवा, म्हणजे सिस्टिमचं कार्ड बिघडलं तरी संग्रह वाचतो. त्यासाठी ‘ऑप्शन्स’मधल्या ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये रॉम, म्हणजे खेळांच्या फाइली, दुसऱ्या कार्डावर वळवायची सोय आहे. एमपीत वायफाय नाही. एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कने, आत शिरायचं तर ओटीजी पोर्टला (यूएसबी उपकरणं लावायची खाच) यूएसबी डाँगल लावून ‘रिमोट सर्व्हिसेस’ चालू करायच्या. नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘आर्क’.

आता कीबोर्ड. खरी अडचण इथेच आहे, वेगात नाही. कन्सोलला दहा बटणं पुरतात, पण स्पेक्ट्रमला चाळीस कळा आहेत आणि खेळ सुरू होतानाच तो ‘१ कीबोर्ड, २ केम्पस्टन’ (म्हणजे जॉयस्टिक) असं विचारतो. फ्यूज आणि व्हाइस (कमोडोरचा एम्युलेटर) दोन्हींत पडद्यावरचा कीबोर्ड सिलेक्ट बटणावर येतो, आणि आर्कओएसची हॉटकी (शॉर्टकटची कळ) हीही सिलेक्टच. घाईत स्टार्टलाही बोट लागलं की खेळ बंद होऊ शकतो. व्हाइसमध्ये कीबोर्ड आर-३ वर, म्हणजे उजवी काडी (जॉयस्टिक) आत दाबून, उघडेल असं करून घ्या. एवढ्या एका बदलाने कमोडोर वापरण्याजोगा होतो. कमोडोरच्या खेळांत उडी बहुतेक वेळा काडी वर ढकलून असते. ती ए बटणावर ‘अप’ म्हणून बसवली की अंगठा दुखत नाही.

प्रोग्राम लिहायचा तर ओटीजीला खराखुरा यूएसबी कीबोर्ड लावा. इथे बरेच जण फसतात: एच दाबलं की मशीन रीसेट, पी दाबलं की सगळं थांबतं. बिघाड काही नाही, ती अक्षरं रेट्रोआर्कच्या स्वतःच्या हॉटकी आहेत. ‘गेम फोकस’ चालू केलं की सगळ्या कळा एम्युलेटरकडे जातात. त्याची कळ स्क्रोल लॉक, आणि छोट्या कीबोर्डांवर ती नसतेच, म्हणून हॉटकींच्या यादीत दुसरी नेमावी लागते. मग स्पेक्ट्रमवर ‘जे’ अक्षराची कळ दाबून ‘लोड’ उमटतं, सिम्बल शिफ्ट आणि पी दोनदा दाबून अवतरणचिन्हं, आणि टेप सुरू.

कमोडोर ६४ साठी ‘एक्स६४एससी’ऐवजी साधा ‘एक्स६४’ कोअर घ्या. पहिला जास्त अचूक आहे, पण या चिपला जड जातो. कमोडोरचा मूळ १५४१ डिस्क ड्राइव्ह सेकंदाला साधारण ४०० बाइट वाचायचा, त्यामुळे ३८ केबीचा खेळ भरायला दीड मिनिटाहून जास्त लागे. ‘ऑटोस्टार्ट वॉर्प’ चालू केलं की हे काही सेकंदांत आटोपतं. काडी चालत नसेल तर खेळ पोर्ट १ मागतोय. फाइलच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर जे१ जोडलं की काम होतं. एकाहून जास्त डिस्क असतील तर एम३यू फाइलमध्ये एका ओळीत एक असं नाव लिहा.

एक दोष मात्र पूर्ण जात नाही. युरोपातले हे संगणक ५० हर्ट्झचे, पडदा ६० चा. दर पाच चित्रांमागे एक दोनदा दाखवावं लागतं आणि आडवं सरकणारं दृश्य हिसके देतं. कमोडोर एनटीएससी (६० हर्ट्झची टीव्ही पद्धत) केला तर हिसके जातात, पण खेळाचा वेग सुमारे २० टक्के वाढतो आणि संगीतही घाईत वाजतं. त्यापेक्षा ५० हर्ट्झचा पालच बरा. उलट जपानी एमएसएक्स मुळातच ६० हर्ट्झचे. ब्लूएमएसएक्स या एमएसएक्सच्या एम्युलेटरमध्ये जपानी मशीन निवडलं की या पडद्यावर सगळ्यात गुळगुळीत तेच चालतं. त्यासाठी ‘मशीन्स’ आणि ‘डेटाबेसेस’ हे दोन्ही फोल्डर बायोस फोल्डरमध्ये हवेत. ते नसतील तर नुसता काळा पडदा, कारण सांगणारा संदेशही नाही.

अमिगा ५०० चांगला चालतो, पण पीयूएई२०२१ हा जुना कोअर आणि रेझोल्यूशन ‘लो’ ठेवून. पालची पूर्ण उंची २५६ ओळी, दुप्पट केल्यावर ५१२, म्हणून दुप्पट दाखवायचं तर वरच्या-खालच्या आठ-आठ ओळी कापल्या जातात. अमिगा १२०० च्या जड खेळांसाठी हे यंत्र घेऊ नका. किकस्टार्ट हा अमिगाचा मूळ सिस्टिम रॉम विकत घ्यावा लागतो. स्पेक्ट्रमच्या रॉमला वाटपाची परवानगी अॅमस्ट्रॅडने देऊन ठेवली आहे. डॉसबॉक्स प्युअर या डॉसच्या एम्युलेटरमध्ये ‘ऑटो’ऐवजी सायकल (प्रोसेसरचा वेग) नेमून द्या: ३८६ च्या खेळांना ७८००, ४८६ डीएक्सच्या खेळांना १३४००. २६८०० वर आवाज तुटायला लागतो.

चार्जिंग साध्या ५ व्होल्टच्या चार्जरने आणि ए-टू-सी केबलनेच करा. दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावून चार्ज होईल यावर विसंबू नका. स्लीपमध्ये रात्रभर ठेवलं तर सकाळी बॅटरी बरीच उतरलेली असते, म्हणून पूर्ण बंद करा. ठाणे ते वाशी ट्रान्स-हार्बरच्या प्रवासात पडदा ७० टक्क्यांवर पुरतो. ऐरोलीच्या उघड्या फलाटावर भर दुपारी मात्र काहीच दिसत नाही. खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळ्यात डी-पॅडची डावी दिशा अधूनमधून दाद देईनाशी होते. मागचे स्क्रू काढा, रबराखालचे काळे संपर्क ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने हलके पुसा आणि दहा मिनिटं वाळू द्या. जोर लावला तर काळा थरच निघून येतो. नंतर यंत्र झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवा आणि जुलैत पुड्या एकदा बदला.