पॉवर बीआयचं डायनॅमिक फॉरमॅट: कार्डवर झकास, टेबलात नको

आमच्या साहेबांना मिलियन कळत नाही असं नाही, डोक्यात जातं. सेल्सचा पहिला डॅशबोर्ड दाखवला तेव्हा कार्डवर (एकच आकडा दाखवणारी चौकट) मोठ्ठं १२.४ एम आलेलं, साहेब म्हणाले "अरे हे एम काय, १ कोटी २४ लाख सांग ना सरळ". आता पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट-डॅशबोर्ड बनवायचं सॉफ्टवेअर) डिस्प्ले युनिट्स बघाल तर हजार, मिलियन, बिलियन, ट्रिलियन, संपलं. लाख नाही, कोटी नाही. मग आधी सगळे करतात तेच मी केलं, मेजरला (म्हणजे बेरीज वगैरे हिशोब करणाऱ्या फॉर्म्युल्याला) फॉरमॅट फंक्शन लावलं आणि मागे 'कोटी' चिकटवलं. दिसायला छान, पण ते फंक्शन आकड्याचा टेक्स्ट करून टाकतं. चार्टमध्ये ते मेजर टाकताच येईना, आणि टेबल मोठ्यापासून लहान असं सॉर्ट केलं तर '९८ हजार' वर आणि '१२ कोटी' खाली, कारण ९ हा १ च्या पुढे ना!

२०२३ मध्ये मेजरसाठी डायनॅमिक फॉरमॅट स्ट्रिंग आलं (सुरुवातीला प्रीव्ह्यू म्हणून), आणि हे प्रकरण खरंच कामाचं आहे. मेजर सिलेक्ट करायचं, वर फॉरमॅटच्या ड्रॉपडाउनमधून डायनॅमिक निवडायचं, की फॉर्म्युला बारच्या डावीकडे अजून एक छोटा ड्रॉपडाउन येतो, त्यात मेजरचा फॉर्म्युला वेगळा आणि फॉरमॅटचा वेगळा. फॉरमॅटच्या जागी स्विच (अटींप्रमाणे निवड करणारं फंक्शन) लिहायचा, एवढ्याच्या वर असेल तर असं दाखव, नाहीतर तसं. आकडा आतून आकडाच राहतो त्यामुळे सॉर्टिंग आणि चार्ट दोन्ही नीट.

मिलियनवाल्यांचं काम सोपं आहे हो, शेवटी एक कॉमा टाकला की हजाराने भाग, दोन टाकले की दहा लाखाने. आपली गोची अशी की लाखाला पाच शून्यं आणि कोटीला सात, आणि कॉमा जातो तीन-तीनच्या उड्या मारत, त्यामुळे कितीही कॉमे द्या लाखावर तो थांबतच नाही. त्यावर जुगाड म्हणजे फॉरमॅटच्या आतच व्हॅल्यूला कोटीने भागायचं, दोन दशांशात टेक्स्ट करायचं, पुढे 'कोटी' जोडायचं आणि ते सगळं डबल कोट्समध्ये गुंडाळायचं, म्हणजे ते जसंच्या तसं छापलं जातं. एक कोट मिळवायला सलग चार कोट टाइप करावे लागतात, पहिल्यांदा मला वाटलं कीबोर्ड अडकला. आणि कार्डचं डिस्प्ले युनिट ऑटोवरून 'नन' करायला विसरू नका. चार्टच्या ॲक्सिसवर मात्र हा जुगाड वापरू नका, मी ॲक्सिसच बंद करून डेटा लेबल ठेवलेत.

माझा स्वतःचा गाढवपणा पण सांगतो. एबीएस (उणे चिन्ह काढून टाकणारं फंक्शन) लावला नव्हता. एका ब्रँचला रिटर्न्समुळे उणे ३ कोटी आले, उणे आकडा कोटीपेक्षा मोठा नाही, लाखापेक्षा नाही, हजारापेक्षाही नाही, गेला शेवटच्या खणात, आणि मीटिंगमध्ये स्क्रीनवर -३००००००० असं लांबच लांब शेपूट. साहेब शून्यं मोजत बसले. आता प्रत्येक अटीत एबीएस आहे.

टेबलात मात्र हे वापरू नका असं माझं ठाम मत. एका ओळीत १.०२ कोटी, खालच्या ओळीत ९८.४० लाख, वरून खाली नजर फिरवली की ९८ च मोठा वाटतो, आमच्या एका एरिया मॅनेजरने अशीच चुकीच्या ब्रँचची पाठ थोपटली. टेबलच्या कॉलमला एकच युनिट, सगळं लाखात, बस. साइजप्रमाणे बदलणारं फॉरमॅट फक्त कार्ड आणि टूलटिपला (माउस नेला की उघडणारी छोटी चौकट), तिथे आकडा एकटा उभा असतो.

पैशाचं म्हणाल तर डेस्कटॉप व्हर्जन फुकट आहे, पण फक्त विंडोजवर. एक्सेलमधल्या कस्टम फॉरमॅटपेक्षा हे कितीतरी बरं, तिथे दोनच अटी बसतात आणि उणे आला की सगळं गडबडतं. पाचपैकी चार स्टार, एक लाख-कोटी यादीत नाहीत म्हणून कापला.

एक बारीकशी खोट अजून राहिलीये माझ्या फॉर्म्युल्यात. ९९,९९,६०० आला की कोटीच्या अटीत बसत नाही आणि राउंड होऊन दिसतो '१००.०० लाख'. अकाउंट्सच्या काकांनी पहिल्याच दिवशी पकडलं. आधी राउंड, मग अट असं उलटं करायला पाहिजे, या रविवारी बसतो.