जुन्या एमएम ५४० मध्ये रेडिओ आणि स्पीकर: उद्यमनगरातलं चोख काम

उघड्या जीपमध्ये रेडिओ बसवायचा असेल तर पैसे स्पीकरच्या वॉटवर उधळू नका, वायरिंगवर आणि अर्थिंगवर (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणाऱ्या जोडणीवर) खर्च करा. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी माझ्या गाडीचं हे काम करून घेतलं. तिथल्या मिस्त्रींना आपलं नाव कुठे छापून आलेलं आवडत नाही, म्हणून ते देत नाही. काम कसं केलं ते मात्र सविस्तर लिहिते, म्हणजे तुमच्या गावच्या वायरमनकडूनही तेच मागून घेता येईल.

गाडी महिंद्राची एमएम ५४०, १९९१ ची, वडिलांनी हौसेनं घेतलेली. प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, वर कॅनव्हासचं हूड, मागे दोन्ही बाजूंना बाकड्यासारख्या सीटा. मी जनावरांची डॉक्टर आहे. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा या पट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांवर जायला आजही या गाडीइतकी भरवशाची दुसरी गाडी मला मिळालेली नाही. दिवसातले कित्येक तास मी एकटीच या गाडीत असते. बातम्या, बाजारभाव, शेतीचे कार्यक्रम आणि संध्याकाळी विविध भारती एवढं धड ऐकू यावं, इतकीच मागणी होती. गाडी हलवणारा बास मला नको होता.

याआधी एका दुकानात हेच काम केलं होतं. तिथे रेडिओची वायर हेडलाइटच्या जुन्या वायरला पीळ मारून जोडली आणि वर काळी टेप गुंडाळली. पहिल्याच पावसाळ्यात टेप सुटली. लाइट लावले की रेडिओ बंद पडायचा आणि ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून ‘पींऽऽ’ असा चढता आवाज यायचा. मी तिथे परत गेले, तर अडीचशे रुपयांचा फिल्टर बसवून दिला. आवाज किंचित कमी झाला, गेला नाही.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी मात्र आधी रेडिओला हातच लावला नाही. मल्टिमीटर काढला, इंजिन चालू करायला लावलं, हेडलाइट आणि वायपर चालू ठेवले आणि दोन ठिकाणी माप घेतलं. बॅटरीवर १३.८ व्होल्ट, रेडिओच्या प्लगपाशी ११.७. मीटर माझ्यासमोर धरून म्हणाले, “ताई, दोन व्होल्ट वाटेतच मुरल्यात. रेडिओचा काय दोष न्हाई.” मग त्यांनी मीटरची लाल पिन रेडिओच्या अर्थवर आणि काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर लावली. दोन्ही टोकं निगेटिव्हचीच, म्हणजे मीटरनं जवळजवळ शून्य दाखवायला हवं. दाखवला दीड व्होल्ट. जुन्या जीपमध्ये बॉडी आणि चासी यांच्या मध्ये रबर असतं, बोल्टांना गंज असतो, वर रंगाचे थर चढलेले असतात. त्यातून करंट कसाबसा वाट काढतो. अल्टरनेटरचा आवाज स्पीकरमध्ये घुसतो तो बहुतेक याच खराब अर्थिंगमुळे, आणि तो फिल्टरनं झाकण्यापेक्षा मुळातून काढणं सोपं असतं.

त्यांनी थेट बॅटरीपासून रेडिओसाठी स्वतंत्र जाड वायर ओढली, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही. गाडीच्या मूळ वायरींच्या जुडग्याला, म्हणजे हार्नेसला, कुठेही काप नाही. पॉझिटिव्हवर बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ ॲम्पिअरचा फ्यूज आहे. रेडिओच्या पाठीवर १० ॲम्पिअरचा फ्यूज असतोच, पण तो रेडिओ वाचवतो. मधली वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवणारा फ्यूज बॅटरीपाशीच लागतो. हा फरक किती दुकानांत पाळला जातो ते जरूर विचारून बघा. अशा एखाद्या बिनफ्यूजच्या वायरीनं जीपला आग लागू शकते. इंजिनच्या बाजूनं वायर आत येते त्या भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर घासू नये म्हणून रबराचं कडं, बसवलं, वायरवर जाळीदार स्लीव्ह घातली आणि सगळे जोड सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवलं. काम झाल्यावर पुन्हा सगळं चालू ठेवून माप घेतलं. रेडिओपाशी १३.६ व्होल्ट आले. तो ‘पीं’ आवाज त्याच क्षणी गेला, फिल्टर काढून टाकलेला असतानाही.

लाल आणि पिवळ्या वायरीबद्दल त्यांनी मला एक प्रश्न विचारला, जो आजवर कुणी विचारला नव्हता: गाडी रोज चालू होते की आठवडा आठवडा उभी असते? कारण रेडिओची पिवळी वायर कायम बॅटरीवर असते. तिच्यावर घड्याळ आणि साठवलेली स्टेशनं टिकतात आणि त्यासाठी रेडिओ बंद असतानाही थोडा करंट पीत राहतो. लाल वायर किल्लीवर चालते. माझ्या गाडीच्या किल्लीला इंजिन बंद ठेवून फक्त रेडिओ लावायची वेगळी खूण नाही, म्हणून त्यांनी लाल वायर डॅशबोर्डखाली एका वेगळ्या खटक्यावर घेतली. एखाद्या गोठ्याबाहेर वाट बघत बसावं लागलं तर इंजिन न लावता बातम्या ऐकता येतात. ज्यांची गाडी महिनाभर शेडमध्ये उभी असते त्यांनी पिवळ्या वायरीवरही एक खटका घ्यावा. स्टेशनं पुन्हा लावावी लागतील, पण बॅटरी उतरणार नाही.

डॅशबोर्डबद्दल ते अगदी ठाम होते. एमएम ५४० चा डॅशबोर्ड म्हणजे सरळ पत्रा. त्यात रेडिओला जागाच नाही. बरेच लोक ग्राइंडरनं चौकोन कापून घेतात. सिंगल डिन, म्हणजे गाडीच्या रेडिओच्या नेहमीच्या ठरलेल्या मापाच्या, रेडिओचं तोंड १७८ बाय ५० मिलिमीटर. एवढं भोक पाडलं की पत्र्याची ताकद जाते आणि गाडीचं मूळ रूप कायमचं बिघडतं. “कापाय दोन मिंटं लागत्यात, पर परत जोडाय कुणाला जमनार?” असं म्हणून त्यांनी पत्रा वाकवून एक डबा केला आणि डॅशबोर्डच्या खालच्या कडेला, डाव्या सीटच्या बाजूला टांगला. गिअर आणि फोर बाय फोरच्या दांड्यांना तो कुठेच आडवा येत नाही. डब्याला खाली बिजागरी असलेलं झाकण आहे आणि त्याला कुलूप. हूडच्या जीपला दरवाजा लावून काही उपयोग नसतो, चेन ओढली की कुणीही आत. त्यामुळे हे कुलूप फार मोलाचं आहे, शिवाय धूळही आत जात नाही.

डब्यातली एक गोष्ट मला सगळ्यात आवडली. रेडिओच्या मागच्या बाजूला एक बोल्ट येतो, त्याला लोखंडी पट्टी लावून मागूनही आधार द्यायचा असतो. साध्या कारमध्ये ही पट्टी नसली तरी चालून जातं. जीपमध्ये रेडिओ नुसता पुढच्या चौकटीवर लोंबकळत राहिला, तर डिझेल इंजिनच्या थरथरीनं आणि दगडगोट्यांच्या रस्त्यानं आतले सोल्डर निखळतात. मिस्त्रींनी पट्टी लावली, डब्याच्या चारही बोल्टांना जाड रबरी वॉशर दिले, आणि साध्या नटच्या जागी नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, थरथरीनं सैल न होणारे नट, वापरले. आयडलिंगला डबा हातानं धरून बघा, बॉडी थरथरते पण डबा जवळजवळ शांत असतो.

रेडिओ सोनीचा आहे: ब्लूटूथ, यूएसबी, एफएम आणि एएम. खोक्यावर ५५ वॉट गुणिले ४ असं ठळक छापलेलं आहे. हा कमाल आकडा. सतत मिळणारी ताकद प्रत्येक स्पीकरला २० वॉटच्या आसपास असते आणि उघड्या जीपला ती पुरते, स्पीकर नीट बसवले असतील तर. स्पीकर साडेसहा इंची, मरीन ग्रेडचे. म्हणजे कागदी कोनऐवजी पॉलिप्रॉपिलिनचा कोन, कडेला रबर, आणि उन्हानं न तडकणारी जाळी. गगनबावड्याचा पाऊस ज्यानं पाहिला आहे त्याला कागदी कोनचं काय होतं ते सांगायला नको. साध्या स्पीकरपेक्षा जोडीमागे दीडपट पैसे जातात. ते द्यावेत.

जागेचा विचार त्यांनी बराच वेळ केला. या गाडीला पत्र्याचे पूर्ण दरवाजे नाहीत, त्यामुळे दारात स्पीकर हा प्रश्नच मिटला. पायाजवळच्या कोपऱ्यात बसवा असं मी सुचवलं, तर म्हणाले, ओढा ओलांडताना पाणी कुठवर येतं ते आठवा. ते खरंच होतं. शेवटी पुढची जोडी डॅशबोर्डच्या दोन टोकांना खालून, थोडी वर तोंड करून, आणि मागची जोडी मागच्या चाकांच्या कमानींवर पुढच्या टोकाला बसली. चारही स्पीकर १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायच्या (पाणी सोसणाऱ्या प्लायवूडच्या) बंद खोक्यांत आहेत. उघडा स्पीकर नुसता पत्र्यावर ठोकला तर त्याच्या पाठीमागून निघणारी लाट पुढच्या लाटेला मारते आणि आवाज पोकळ, पत्र्यासारखा येतो. मागून बंद केल्यावर माणसाच्या आवाजाला लगेच अंग येतं. बातम्या ऐकणाऱ्याला याचं महत्त्व कळेल. रेडिओतल्या सेटिंगमध्ये १०० हर्ट्झच्या खालचे सूर त्यांनी कापून टाकले आणि मधले सूर वाढवले, कारण खालचे सूर हुडाच्या फडफडीत नाहीतरी ऐकूच येत नाहीत. ते वाजवण्यात स्पीकर विनाकारण दमतो.

अँटेना हा मला सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. जीपची काच बोनेटवर आडवी पडते, त्यामुळे काचेवर चिकटवायची अँटेना इथे कामाची नाही. बाजूच्या पत्र्यावर साधी उभी दांडी बसवली, पाऊण मीटरच्या आसपास. एफएमची लहर सुमारे ३ मीटर लांब असते, तिचा पाव भाग म्हणजे ७५ सेंटिमीटर. दुकानात मिळणारी बोटभर लांबीची देखणी अँटेना याच कारणानं डोंगरात हार खाते. दांडीच्या बुडाशी पत्र्याचा रंग आतून घासून उघडा पत्रा काढला, दातेरी वॉशर घातला आणि गंज येऊ नये म्हणून वरून ग्रीस लावलं. बुडाचा पत्र्याशी संपर्क नसेल तर कितीही महाग अँटेना निम्मीच चालते.

फरक रस्त्यावर कळला. कोल्हापूर आकाशवाणी १०२.७ वर कळे गावापर्यंत अगदी स्वच्छ. पुढे गगनबावड्याच्या बाजूला डोंगर आडवे येऊ लागले की एफएम तुटक होतं. ते कुठल्याही रेडिओवर होणार, कारण एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. तिथे मी एएमवर जाते. सांगली आकाशवाणी १२५१ किलोहर्ट्झवर. मध्यम लहरी जमिनीला धरून पसरतात, डोंगराआडही पोचतात. थोडी खरखर असते, पण शब्द कळतो. माझं इंजिन डिझेल, त्यात स्पार्क प्लग नाहीत, म्हणून एएमवर ठिणगीची टकटक येत नाही. पेट्रोल जिप्सीवाल्यांनी एएम ऐकायचं असेल तर रेझिस्टरवाले प्लग किंवा प्लगच्या वायरी वापरलेल्या बऱ्या. नवे रेडिओ घेताना एएम आहे की नाही हे आवर्जून बघा. खोक्यावर मोठा पडदा आणि रंगीत दिवे दिसतात, आणि एएम गुपचूप काढून टाकलेलं असतं.

आता उणिवा. काम सांगितल्या मुदतीपेक्षा बरंच लांबलं आणि मधल्या काळात फोन उचलला जात नव्हता. मला भाड्याची गाडी घेऊन व्हिजिटा कराव्या लागल्या, तो खर्च वेगळा. झाकणाचं कुलूप सुरुवातीला खडखडत होतं, त्याला फेल्टची पट्टी लावून घ्यावी लागली. ती त्यांनी विनातक्रार, पैसे न घेता लावली. डब्याची खालची कड डाव्या बाजूला बसणाऱ्या उंच माणसाच्या गुडघ्याला लागते. यावर अजून उपाय निघालेला नाही. भर उन्हात रेडिओचे आकडे वाचता येत नाहीत, आणि चालत्या जीपमध्ये ब्लूटूथवर फोनवरचं बोलणं समोरच्याला कळत नाही. ही मिस्त्रींची उणीव नाही, पण फोनसाठी कुणी हे घेणार असेल तर घेऊ नये.

मजुरी, डबा, खोकी आणि वायरिंग मिळून साडेसहा हजार झाले. रेडिओ आणि स्पीकर मी स्वतः आणून दिले होते. चौकोन कापून, जुन्या वायरीला पीळ मारून दीड हजारात करून देणारे शेजारच्याच गल्लीत आहेत. मी साडेसहा हजार पुन्हा देईन. त्यांनी डब्याच्या झाकणाला आतून वायरिंगचा हातानं काढलेला नकाशा चिकटवून दिला आहे, कुठली वायर कुठे जाते, फ्यूज कुठे, सगळं मराठीत. उद्या वैभववाडीत काही बिघडलं तर तिथल्या वायरमनलाही तो वाचून काम करता येईल.

लिलावात घेतलेली लष्करी गाडी असेल तर आधी व्होल्टेज तपासून सांगा. त्यातल्या बऱ्याच २४ व्होल्टच्या असतात आणि युद्धकाळातल्या विलीज ६ व्होल्टच्या. २४ व्होल्टच्या गाडीतल्या १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट घेण्याची सोपी युक्ती काही जण करतात. त्यानं एक बॅटरी जास्त उतरते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर मरतात. अशा गाडीला २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लागतो. मिस्त्री तो मागवून बसवून देतात, पण आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय मागवत नाहीत, आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्याकडे नंबर लागणं अवघड असतं. दिवाळीनंतर जा.