डाव दोघांचा की घोळक्याचा?

एकमेकांना खेळवणाऱ्या प्रेमिकांचा विनोदी सिनेमा बघायचाय. 'हाऊ टू लूज अ गाय इन 10 डेज' (2003) लावायचा की 'थिंक लाइक अ मॅन' (2012)?

पहिल्यात खेळाडू दोघंच. अँडीला लेखासाठी एका पुरुषाला 10 दिवसांत पळवून लावायचंय. बेनने नेमकी तिलाच प्रेमात पाडायची पैज घेतलीय. त्यामुळे ती जितकी छळते, तितका हा चिकटून राहतो. बास्केटबॉलचा सामना ऐन रंगात आलेला असताना ती त्याला थंड पेय आणायला पिटाळते, आणि बाबाजी जातात! आपल्या प्रेमाचं प्रतीक म्हणून तिने दिलेलं नेच्याचं रोप सुकतं, तेव्हाचा तिचा थयथयाट तर बघाच. केट हडसन आणि मॅथ्यू मॅकॉनहे यांची जुगलबंदी मस्त जमलीय. शेवट मात्र घाईत उरकलाय.

दुसऱ्यात जोड्याच जोड्या. बायका अमेरिकी विनोदवीर स्टीव्ह हार्वीच्या प्रेमसल्ल्याच्या पुस्तकाबरहुकूम चालतात, तेच पुस्तक पुरुषांच्या हाती लागतं आणि डाव उलटतो. कल्पना झकास. पण हार्वी स्वतःच पडद्यावर येऊन सल्ले द्यायला लागतो, तेव्हा पुस्तकाची जाहिरात बघतोय असं वाटतं. 90 दिवसांचा नियम (तोवर शरीरसंबंध नाही) पाळणारी माया आणि तिच्यापुढे हात टेकलेला झीक, एवढी जोडी लक्षात राहते. यातल्या विनोदी नट केविन हार्टची बडबड आवडत असेल तर गोष्ट वेगळी.

मित्रमैत्रिणींचा कंपू जमला असेल तर दुसरा चालेल. मध्येच गप्पा मारल्या तरी काही बिघडत नाही. एरवी मी पहिलाच लावेन.