ताईच्या बाळाचं फुफ्फुसाचं ऑपरेशन – लहान मुलांचा सर्जरी विभाग, पुणे

चार स्टार देतेय, आणि ते सर्जन, भूल देणारे डॉक्टर आणि एनआयसीयूच्या (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) सिस्टर यांच्यासाठी. ताईच्या बाळाला जन्मजात लोबर एम्फिसीमा निघाला, म्हणजे डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या लोबमध्ये (लोब म्हणजे फुफ्फुसाचा एक भाग) हवा आत जायची पण नीट बाहेर यायची नाही, त्यामुळे तो फुगत फुगत बाकीचं चांगलं फुफ्फुस आणि हृदयसुद्धा एका बाजूला दाबायला लागला होता. आधीच्या हॉस्पिटलात एक्सरे बघून छातीत फुफ्फुसाच्या बाहेर हवा साठलीय, नळी टाकू म्हणत होते. इथल्या सरांनी तोच एक्सरे उजेडात धरून दाजींना दाखवला, हे बघा काळ्या भागात फुफ्फुसाच्या बारीक रेषा दिसतायत, म्हणजे हवा फुफ्फुसाच्या आतच आहे, इथे नळी घातली तर इजा होईल. मग सीटी झाला आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) पण, कारण अशा काही बाळांना हृदयाचा दोषही असतो.

सगळ्यांनाच ऑपरेशन लागत नाही, त्रास कमी असेल तर नुसतं लक्ष ठेवतात हे पण त्यांनी स्वतःहून सांगितलं, पण आमच्या बाळाची धाप वाढतच चालली होती. दुर्बिणीतून होईल का विचारलं तर म्हणाले लोब एवढा फुगलाय की आत दुर्बीण फिरवायला जागाच नाही, उघडूनच करावं लागेल. भूलतज्ज्ञ मॅडमनी तर ताईला बसवून नीट समजावलं, की मशीनने जोरात हवा दिली तर लोब अजून फुगतो म्हणून छाती उघडेपर्यंत शक्यतो बाळाचा स्वतःचाच श्वास चालू ठेवणार आणि सर्जन पहिल्यापासून तयार उभे असणार. एवढं कोण सांगतं हो! लोब काढल्यावर पुढे काय, तर पहिली काही वर्षं फुफ्फुस वाढत असतं, उरलेलं पसरून ती जागा भरून काढतं.

ऑपरेशननंतर छातीत ठेवलेली नळी आणि तिला जोडलेली बुडबुड्यांची बाटली बघून ताई घाबरायची, सिस्टरनी दर वेळी न वैतागता समजावलं, नळी काढायच्या आधीच आईचं दूध पण सुरू झालं.

एक स्टार कापला तो नातेवाइकांच्या सोयीसाठी. ओल्या बाळंतिणीला टेकायला धड जागा नाही, बिलिंगला ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात. लांबून येणार असाल तर जवळ खोली आधीच बघून ठेवा आणि सीटीची सीडी मागून घ्या, नुसता रिपोर्ट देतात.