हेलरनंतर पुन्हा घास अडकू लागला: पोएम, दुसरं हेलर की अन्ननलिकाच काढायची?

अ‍ॅकॅलेशियात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप नीट उघडत नाही. हेलर ऑपरेशनमध्ये तिथले स्नायू पोटाच्या बाजूने कापतात; पोएममध्ये तेच काम तोंडातून घातलेल्या दुर्बिणीने, अस्तराखाली बोगदा करून होतं. आधीचं ऑपरेशन का फसलं हे कळल्याशिवाय पर्याय निवडू नये. बहुतेकदा जठराकडचा छेद आखूड पडलेला असतो. तिथे २-३ सेंटिमीटर तरी उतरावं लागतं. कधी कापलेल्या जागेचा व्रण आखडतो. आम्लाने नळी अरुंद झाली असेल तर पुन्हा स्नायू कापून फायदा नाही, ती फुग्याने ताणावी लागते. जुन्या अ‍ॅकॅलेशियात कर्करोगाचा धोका असतो, म्हणून गॅस्ट्रोस्कोपी हवीच. शिवाय बेरियम पाजून १, २ आणि ५ मिनिटांनी काढलेले एक्स-रे.

दुबार हेलरमध्ये कापणं सोपं असतं, तिथवर पोचणं अवघड. पहिल्या वेळी आम्ल वर येऊ नये म्हणून डोर पद्धतीने जठराची घडी पुढून बसवलेली असेल, तर यकृताचा डावा लोब, ती घडी आणि स्नायू नसलेलं उघडं अस्तर एकमेकांना चिकटून बसतात. सोडवताना कात्री एक पदर आत गेली की अस्तर उघडतं. दिसलं तर टाका घालून निभतं. न दिसलेलं छिद्र दोन-तीन दिवसांनी ताप आणि छातीत पू घेऊन येतं. म्हणून शेवटी दुर्बिणीतून हवा भरून गळती तपासायची. आमचं मन या पद्धतीवरून उडालं ते याच चिकटण्यामुळे.

पोएम (जपानमध्ये इनोउए यांनी २००८ मध्ये माणसावर पहिल्यांदा केली) इथे सरस वाटते. हेलरचा छेद पुढच्या भिंतीवर असतो. पोएमचा बोगदा मागून, घड्याळातल्या ५ च्या दिशेने नेला की जुन्या व्रणाला हात लागत नाही. पण तयारीत हयगय नको: दोन दिवस फक्त पातळ आहार, आधी साचलेलं अन्न दुर्बिणीने उपसणं आणि कॅन्डिडा बुरशी असेल तर तिचा उपचार. नाहीतर भूल देताना साचलेलं अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. पोएममध्ये जठराची घडी घातली जात नसल्याने आम्ल वर येतं. अनेकांना आम्ल कमी करणारी पीपीआय गोळी दीर्घकाळ लागते. हा सौदा आम्हाला तरी परवडणारा वाटतो.

नळी नागमोडी होऊन खाली पिशवी लोंबत असेल तर पोएमलाही मर्यादा आहेत. झडप मोकळी झाली तरी पिशवीतलं अन्न चढ चढून येत नाही. तिथे लॅप्रोस्कोपीने नळी खाली ओढून सरळ करणं, किंवा ब्राझीलमध्ये शागासच्या (अन्ननलिका निकामी करणाऱ्या परजीवी आजाराच्या) रुग्णांसाठी वापरतात ती सेरा-डोरिया (अन्ननलिका-जठराचं तोंड रुंद करून जठराचा काही भाग काढण्याची) शस्त्रक्रिया, हे मधले मार्ग उरतात.

अन्ननलिका काढणं सगळ्यात शेवटी. फुगलेल्या नळीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या जाड झालेल्या असतात आणि जुन्या छेदाजवळ अस्तर आजूबाजूला चिकटलेलं असतं, त्यामुळे न बघता हाताने सोडवण्यापेक्षा छातीतून दुर्बिणीने, डोळ्यांसमोर सोडवावं. जठर वर ओढून मानेत केलेल्या जोडाची गळती, आवाज बसणं, जेवल्यावर धडधड आणि घाम, उशाशी उंची देऊन झोपणं, हे आधीच सांगून ठेवायला हवं.

जुनी ऑपरेशन नोट मात्र मिळवाच. घडी पूर्ण वेढ्याची, निस्सेन पद्धतीची असेल आणि तीच आवळत असेल, तर पोएमने ती सुटत नाही. तिथे पोट उघडून किंवा लॅप्रोस्कोपीने घडीच सोडवावी लागते.