पाखरं की वाहतं पाणी? थकलेल्या डोक्यासाठी काय ऐकावं

स्क्रीनपुढे बसून डोकं जड झालं, की बरेच जण हेडफोन लावून जंगलाचे आवाज शोधतात. झरा, पाऊस, पाखरं, रातकिडे, सगळंच मिळतं. पण निवडण्याआधी एवढं तपासा: मनात घालमेल चालली आहे, की लक्षच लागेनासं झालंय? दोन्हींना आपण थकवा म्हणतो, उपाय मात्र एकच नाही.

घालमेल असेल तर मी बेधडक पाखरं सुचवेन. 2021 मध्ये संशोधक रेचल बक्सटन आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचे निकाल एकत्र मांडले. त्यात ताण आणि वैताग कमी करण्यात पाखरांचे आवाज सरस ठरले, तर मन प्रसन्न करण्यात पाणी पुढे होतं. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या एका प्रयोगात 295 जणांना फक्त 6 मिनिटं पाखरं किंवा रहदारी ऐकवली. पाखरं ऐकणाऱ्यांची चिंता कमी झाली.

स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मात्र त्याच प्रयोगात काही फरक दिसला नाही. उलट 2019 च्या एका अमेरिकन अभ्यासात निसर्गाचे आवाज ऐकलेल्यांनी अशाच चाचण्यांत शहरी आवाज ऐकलेल्यांपेक्षा चांगली कामगिरी केली. म्हणजे मन शांत होण्याचा भरवसा जास्त, बुद्धी तल्लख होण्याचा कमी. बुद्धी तल्लख होईल या आशेवर कुणी अशा आवाजांच्या ॲपचं महागडं सदस्यत्व घेऊ नये.

पाण्याचं खरं बळ वेगळ्याच ठिकाणी आहे. वाहत्या पाण्याच्या आवाजात खालच्या-वरच्या सगळ्या पट्ट्या एकदम असतात आणि तो तुटत नाही, त्यामुळे पलीकडच्या माणसाचं बोलणं त्यात विरघळतं. शब्द कळले नाहीत, की लक्ष तिकडे ओढलं जात नाही. पाखरांचा आवाज उंच आणि तुटक. दोन शिट्ट्यांच्या मधल्या फटीतून फोनवरचं सगळं संभाषण ऐकू येतं. गजबजलेल्या खोलीत काम करायचं असेल, तर पाणीच घ्या. धबधबा मात्र नको, संथ ओढा बरा.

रेकॉर्डिंग घेताना लांबी बघा. 3-4 मिनिटांचा तुकडा फिरून फिरून वाजत असेल, तर तीच शीळ त्याच जागी येते. एकदा ते ध्यानात आलं, की कान तिची वाट पाहत बसतो आणि विश्रांती तिथेच संपते. तासाभराचं सलग ध्वनिमुद्रण कितीतरी बरं. झाडीत प्रत्यक्ष जाता येत असेल तर अर्थातच जा; तिथे हवा, सावली आणि चालणंही मिळतं.

आणखी एक. 2017 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनला झालेल्या प्रयोगात सुरुवातीला सर्वांत जास्त ताणात असलेल्यांना असे आवाज ऐकून सर्वाधिक फायदा झाला. जे आधीच निवांत होते, त्यांचं शरीर उलट किंचित सावध झालं. तुम्ही निवांतच असाल, तर हेडफोन बाजूला राहिलेला चालेल.